साधा एएनसी हेडफोन की प्रीमियम? आधी आपला गोंगाट ओळखा

पहिल्यांदा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन कानावर चढवला तेव्हा मी पंख्याखाली बसलो होतो. बटण दाबलं आणि घरघर अशी खाली बसली की पंखा बंद पडला की काय म्हणून मी मान वर करून पाहिलं. पाती फिरत होती. दोनच मिनिटांनी शेजारच्या खोलीत कुणीतरी फोनवर बोलायला लागलं आणि त्यातला शब्द न् शब्द मला ऐकू आला, आधीपेक्षाही स्पष्ट. हेडफोन साध्या वर्गातला होता आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. मला थांबवायचं होतं बोलणं आणि मी आणली होती घरघर थांबवणारी वस्तू.

नवीन घेणाऱ्याची गफलत बहुतेक वेळा इथेच होते. साधा घ्यावा की प्रीमियम, हा विचार आपण किमतीच्या आकड्यांपासून सुरू करतो. तो आपल्या कानावर दिवसभर काय आदळतं तिथून सुरू करायला हवा. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये खरेदी बरीच उशिरा येते.

एएनसी म्हणजे ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’, बाहेरचा गोंगाट चिपच्या मदतीने रद्द करणारी सोय. या लेखात ‘साधा’ म्हणजे एएनसी असलेला, पण कंपनीच्या यादीत खालच्या किंवा मधल्या फळीतला हेडफोन. ‘प्रीमियम’ म्हणजे कंपनीचा सर्वांत वरचा: सोनीची डब्ल्यूएच-१००० मालिका, बोसचे क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा, ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स. कानात घालायच्या इअरबड्सबद्दल इथे लिहिलेलं नाही, पण तत्त्व तेच आहे.

पायरी १: हे यंत्र काय करतं आणि काय करू शकत नाही

हेडफोनवरचा छोटा माइक बाहेरचा आवाज टिपतो. आतली चिप त्याची उलटी लहर तयार करते, म्हणजे जिथे मूळ लहरीचा चढ तिथे हिचा उतार. दोन्ही लहरी कानाशी एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्युग यांना १९३६ साली अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं होतं. हेडफोनमध्ये ती रुजली विमानांमुळे. १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांनी विमानात मिळालेले हेडफोन लावले, पण इंजिनाच्या गर्जनेत संगीत बुडून गेलं. त्याच प्रवासात त्यांनी या कल्पनेचं गणित मांडायला घेतलं. १९८६ साली न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या व्हॉयेजर विमानाच्या दोन्ही वैमानिकांनी बोस यांचे प्रायोगिक हेडसेट वापरले. १९८९ साली वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला आणि सामान्य ग्राहकांसाठीचा क्वाएटकम्फर्ट त्यानंतर, २००० साली.

हा इतिहास सांगायचं कारण असं की या तंत्राचा जन्मच इंजिनाच्या एकसुरी घरघरीसाठी झाला आणि आजही ते तिथेच सर्वांत तरबेज आहे. यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे. १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते. उलटी लहर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागेपुढे झाली तरी एवढ्या लांबीत ते जाणवत नाही. ४००० हर्ट्झच्या आवाजाची लहर मात्र जेमतेम साडेआठ सेंटिमीटरची. तिथे दीडेक सेंटिमीटर इतकी चूक झाली की सगळा फायदा संपतो आणि चूक त्याहून वाढली तर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. म्हणून साधारण १००० हर्ट्झच्या वर चिपचा जोर ओसरत जातो आणि तिथून पुढचं काम कानाभोवतीची गादी करते.

आता शेजारच्या खोलीतलं ते बोलणं. माणसाच्या आवाजाचा पाया खर्जात असतो, पण शब्द कळतात ते व्यंजनांमुळे. ‘स’, ‘ट’, ‘च’ यांची धार २००० हर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात असते. एरवी पंख्याची घरघर या धारेवर पांघरूण घालते. एएनसीने ते पांघरूण ओढून काढलं की धार उघडी पडते. बोलणं जास्त स्पष्ट ऐकू आलं ते त्यामुळे.

पायरी २: आठवडाभर गोंगाटाची नोंद ठेवा

ही पायरी गाळायचा मोह होईल, पण गाळू नका. मोबाइलच्या नोंदवहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कुठे होतो, किती वेळ, आणि आवाज कसला. आवाजाचे तीन प्रकार पुरतात. ‘घरघर’ म्हणजे पंखा, एसी, बस, रेल्वे, विमान, लांबच्या रहदारीचा गुंजारव, असं सलग एका सुरात चालणारं काहीही. ‘बोलणं’ म्हणजे माणसं, टीव्ही, फोन. ‘टकटक’ म्हणजे अचानक येणारं आणि तुटक: दार आपटणं, कुत्र्याचं भुंकणं, कीबोर्ड, हातोडा.

माझ्या पहिल्या आठवड्याच्या नोंदीत प्रवासाची घरघर रोज तासभर होती आणि कामाच्या जागेचं बोलणं रोज पाच तास. मला वाटत होतं की मला छळतो तो प्रवास. कागदावर भलतंच निघालं.

नोंद हातात आली की निम्मा निर्णय तिथेच होतो. घरघर जास्त असेल तर साधा हेडफोन घ्या आणि निर्धास्त राहा. हे काम आजचे चांगले साधे हेडफोन इतकं नीट करतात की वरचे पैसे मोजून मिळणारा फरक रोजच्या वापरात अंधुक होऊन जातो. बोलणं जास्त असेल तर प्रीमियमचा विचार करण्यात अर्थ आहे. जास्त माइक, चपळ चिप आणि चांगल्या गाद्या यांच्या जोरावर ते मधल्या पट्ट्यातला आवाज अधिक दाबतात. शब्द पुसट होतात, पण नाहीसे होत नाहीत. कुणी ‘पूर्ण शांतता’ म्हणून विकत असेल तर विश्वास ठेवू नका. हळू आवाजात पावसाची सर किंवा वाद्यसंगीत लावलं की उरलेले शब्द बुडतात, आणि हे साध्या हेडफोनवरही जमतं.

टकटक जास्त असेल तर दोन्हींकडून फार अपेक्षा नको. पुढचा क्षण कसा असेल याचा अंदाज लागतो म्हणूनच सलग आवाज नीट रद्द होतो. आपटलेल्या दाराचा अंदाज कुणालाच लागत नाही. इथे जाड, घट्ट बसणारी गादी उपयोगी पडते. आणि संगीत नकोच असेल, फक्त शांतता हवी असेल, तर फोमचे कानबोळे आधी वापरून पाहा. उंच सुरातले आवाज ते छान अडवतात आणि कदाचित तुमची खरेदीच टळेल.

पायरी ३: गादी कानाभोवती टेकते का

माझं ठाम मत आहे की नीट टेकलेला साधा हेडफोन फट राहिलेल्या प्रीमियमला हरवतो. खर्जातला आवाज केसाएवढ्या फटीतूनही आत शिरतो आणि चिपचं सगळं कसब नेमकं खर्जातच असतं.

याची परीक्षा सोपी आहे. पंखा किंवा एसी चालू असलेल्या जागी हेडफोन घाला, एएनसी सुरू करा, काहीही वाजवू नका. आता दोन्ही तळव्यांनी दोन्ही कप हलकेच डोक्याकडे दाबा. घरघर आणखी खाली गेली, तर एरवी कुठेतरी फट राहते आहे. काही फरक पडला नाही, तर गादी व्यवस्थित टेकली आहे.

चष्मा असलेल्यांनी ही परीक्षा चष्म्यासकट करावी. चष्म्याची काडी गादीखालून जाते आणि कानाच्या मागे-पुढे एक छोटा बोगदा तयार होतो. माझ्या जाड काड्यांच्या चष्म्यावर एका महागड्या हेडफोनमध्ये ऐकू येणारी बाहेरची घरघर लक्षात येण्याइतकी वाढली. काडी बोटाने उचलली की लगेच कमी झाली. पातळ धातूच्या काडीच्या जुन्या चष्म्यावर त्याच हेडफोनने सुरेख काम केलं. जाड काडी आणि टणक गादी ही जोडी टाळा. मऊ, जाड, काडीभोवती दबणारी गादी निवडा, मग ती कोणत्याही वर्गातली असो.

वजनही याच पायरीत पाहून घ्या. सोनीच्या डब्ल्यूएच-१००० मालिकेतला एक्सएम५ सुमारे २५० ग्रॅमचा आहे, तर एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचे. दुकानात पाच मिनिटांत हा फरक कळत नाही. दुसऱ्या तासाला टाळूवर नेमका कळतो. हेडफोन किमान अर्धा-पाऊण तास घालून बघा आणि काढल्यावर तीन जागा तपासा: टाळू दुखते का, कानाची पाळी आतल्या जाळीला घासते का, कानाभोवती घाम साचला का. साधे हेडफोन इथे बरेचदा मागे पडतात, कारण त्यांचे कप लहान आणि गाद्या पातळ असतात. दिवसाला चार तास घालणार असाल तर प्रीमियमच्या बाजूचं सर्वांत मोठं कारण मी आराम हेच मानतो.

काहींना एएनसी सुरू केलं की कानात दडा बसल्यासारखं वाटतं. हवेचा दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो. खर्ज अचानक नाहीसा झाल्यामुळे तसं भासतं, पण त्रास मात्र खरा असतो. तुम्हाला तसं होत असेल तर एएनसीची पातळी कमी-जास्त करता येणारा हेडफोन शोधा.

पायरी ४: खोक्यावरची भाषा वाचायला शिका

सगळ्यात जास्त फसगत होते ती एका अक्षराने. एएनसी तुमच्या कानासाठी असतं, ईएनसी तुमच्या माइकसाठी. ईएनसीमुळे फोनवर समोरच्या माणसाला तुमच्या भोवतीचा गोंगाट कमी ऐकू येतो. तुमच्या कानाला त्याचा काहीही उपयोग नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘नॉइज कॅन्सलेशन’ आणि बारीक अक्षरांत ‘ईएनसी’ असेल, तर तो हेडफोन या लेखाच्या कक्षेतच बसत नाही. ‘पॅसिव्ह’ हा शब्द दिसला तर फक्त गादी आवाज अडवते, चिपचा संबंध नाही, असं समजा.

डेसिबलच्या आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नका. ‘अमुक डेसिबलपर्यंत’ यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा आहे: तो बहुधा एखाद्या सोयीच्या सुरावरचा सर्वांत चांगला आकडा असतो. अंदाजासाठी एवढं ध्यानात ठेवा की १० डेसिबल कमी झाले की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो.

‘हायब्रिड एएनसी’ म्हणजे एक माइक बाहेर आणि एक आत, कानापाशी. बाहेरचा आधी वर्दी देतो, आतला काय उरलं ते तपासून दुरुस्ती करतो. एकाच माइकपेक्षा ही रचना चांगली. पण आता ती साध्या वर्गातही सर्रास मिळते, त्यामुळे या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका.

ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, मोठा म्हणजे आवाज चांगला, असंही नाही. सोनीने एक्सएम४ मध्ये ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर दिला होता आणि त्याच्या पुढच्या एक्सएम५ मध्ये ३० मिलिमीटरचा.

कोडेक म्हणजे ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत. त्याबाबत आधी आपला फोन पाहा. एलडॅक हा कोडेक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये असतो, पण आयफोन एलडॅक वापरत नाही. तिथे एएसी हा दुसरा कोडेकच चालतो. आयफोनवाल्याने एलडॅकसाठी वरचं मॉडेल घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पायरी ५: प्रीमियमचे पैसे नेमके कुठे जातात

बोलणं पुसट करणं आणि आराम, या दोन गोष्टी वर आल्या. तिसरी आहे ट्रान्सपरन्सी मोड, म्हणजे हेडफोन न काढता बाहेरचं ऐकू देणारी सोय. साध्या हेडफोनमध्ये ती असते, पण आवाज रेडिओवरून आल्यासारखा येतो, मागे बारीक सूंऽऽ चालू असतं आणि स्वतःचा आवाज घशात अडकल्यासारखा वाटतो. चांगल्या प्रीमियममध्ये हेडफोन घातलाय हेच विसरायला होतं. ज्यांना दिवसातून वीस वेळा कुणाशी तरी दोन शब्द बोलावं लागतं त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. रस्त्यावर चालताना मात्र हेडफोन कोणताही असो, एएनसी बंदच ठेवा. मागून येणारी गाडी ऐकू येणं जिवाशी निगडित आहे.

चौथी गोष्ट कॉल. प्रीमियममधले माइक तुमचा आवाज गर्दीतून वेगळा काढण्यात सरस असतात. पण एक अडचण दोन्ही वर्गांत सारखीच आहे: लॅपटॉपवर ब्लूटूथने मीटिंग सुरू झाली आणि हेडफोनचा माइक चालू झाला की ऐकू येणारा आवाज एकदम चपटा होतो, कारण ब्लूटूथ संभाषणाच्या अरुंद वाटेवर जातं. हेडफोन बिघडलेला नसतो. सेटिंगमध्ये लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आवाज पुन्हा भरदार होतो.

मल्टिपॉइंट, म्हणजे फोन आणि लॅपटॉपला एकाच वेळी जोडलेलं राहणं, आता साध्या हेडफोनमध्येही मिळतं. नुसत्या संगीताच्या दर्जात दोन्ही वर्गांतलं अंतर लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे आणि हेडफोनच्या ॲपमधल्या इक्वलायझरने, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करायच्या सोयीने, ते आणखी कमी करता येतं.

पायरी ६: वीस मिनिटांची चाचणी

दुकानात विक्रेता बहुधा लगेच जोरदार गाणं लावतो. त्याला नम्रपणे थांबवा. पहिली पाच मिनिटं काहीही न वाजवता एएनसी चालू-बंद करून फक्त खोली ऐका: घरघर किती गेली, बोलणं किती उरलं, आणि शांततेत हेडफोनचा स्वतःचा सूक्ष्म ‘शूऽ’ आवाज येतो का. मग तळव्यांची परीक्षा. मग जबडा हलवा, मान खाली-वर करा. दर हालचालीला गादी निसटून आवाज आत येत असेल तर तो साचा तुमच्या चेहऱ्याचा नाही. त्यानंतर तुम्हाला पाठ असलेलं एक गाणं, नेहमीच्याच आवाजात. शेवटी बरोबर आलेल्या माणसाला बाहेर रहदारीजवळ उभं राहून फोन करा आणि तुमचं बोलणं कसं ऐकू आलं ते विचारा. वारा असेल तर उत्तम, कारण माइकवर वारा आदळला की एएनसीत घोंघावणारा आवाज येतो, आणि तो कोण किती आवरतो तेही तिथेच कळतं.

पायरी ७: तीन वर्षांनंतरचा हिशेब

माझा एक साधा हेडफोन दुसऱ्या वर्षी बिजागरीपाशी तुटला. आवाज शाबूत, बॅटरी शाबूत, एएनसी शाबूत, पण कप लोंबकळायला लागला आणि तो भाग सुटा कुठेच मिळेना. तेव्हापासून कोणताही हेडफोन हातात घेतला की मी आधी बिजागरी पाहतो: आत धातूची पट्टी आहे का, दुमडताना करकरते का.

गाद्या तर झिजणारच. रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षांत त्यांचं वरचं आवरण सोलायला लागतं आणि फट पडली की एएनसीही कमजोर होतं. लोकांना वाटतं चिप बिघडली. नव्या गाद्या बसवल्या की हेडफोन पुन्हा पहिल्यासारखा होतो. घेण्याआधी त्या मॉडेलच्या गाद्या सुट्या मिळतात का ते शोधा. नावाजलेल्या प्रीमियमच्या सहज मिळतात, साध्या हेडफोनच्या अनेकदा मिळत नाहीत. बॅटरीही वर्षागणिक उतरते, म्हणून ती संपल्यावर हेडफोन वायर जोडून वाजतो का हे विचारा. सोनीचा एक्सएम४ वाजतो, एअरपॉड्स मॅक्स वाजत नाहीत.

इथे एक तिसरी वाट निघते आणि बहुतेक नवख्यांना मी तीच सुचवतो: एक पिढी मागचा प्रीमियम. सोनीचा एक्सएम४ २०२० साली आला, एक्सएम५ २०२२ साली आणि एक्सएम६ २०२५ साली. नवं मॉडेल आलं की मागच्याची किंमत खाली येते. एएनसीत मात्र दोन पिढ्यांतला फरक साधा आणि प्रीमियम यांच्यातल्या फरकाहून बराच लहान असतो. कधीकधी जुन्यात काही जास्तच असतं: एक्सएम४ दुमडून छोटा होतो, एक्सएम५ तसा दुमडत नाही, आणि एक्सएम६ मध्ये ती सोय परत आली. फक्त खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण लोकप्रिय मॉडेलच्या नकला पुष्कळ असतात.

पायरी ८: आवाजाची पातळी

हे मला मनापासून सांगायचंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होत जातो. गोंगाटात एएनसी नसलेल्या हेडफोनवर गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज नकळत चढवत नेतो. एएनसीने घरघर गेली की तेच गाणं कितीतरी खालच्या पातळीवर पुरतं. हा फायदा साध्या एएनसीतही मिळतो. त्यामुळे प्रीमियमसाठी पैसे साठेपर्यंत वर्षभर थांबायचं ठरवत असाल, तर थांबू नका. आज परवडेल तो साधा एएनसी घ्या. मात्र कारखान्यातल्या यंत्रांजवळ संरक्षण म्हणून यातला कोणताही वापरू नका, तिथे त्या कामासाठी प्रमाणित केलेले कर्णरक्षकच हवेत.

घरी आणल्यावर खोकं टाकून देऊ नका आणि परत करायची शेवटची तारीख आधी पाहून ठेवा. मग दुसऱ्या पायरीतली नोंद काढा, त्यातला सर्वांत गोंगाटाचा दिवस आणि जागा निवडा, आणि त्या तारखेच्या आत तिथे दोन तास हेडफोन घालून नेहमीचं काम करा. दोन तासांत तो किती वेळा सारखा करावा लागला आणि आवाज किती वेळा वाढवावा लागला, तेवढं त्याच नोंदीखाली लिहा.